फळा पुसणारं

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात
बाल्दिरी खाचराची मोरी उघडतो.
पाणी पाटात उतरतं, पाटातून कालव्यात,
मग बोरूच्या बेटांतून, बगळ्यांच्या पायांमधून
आमच्या खाडीत.
चार दिवस लागतात. मी मोजलेत.
पाचव्या दिवशी अर्मेंगोलचा फोन:
"सिंता, दोर हलके लागतायत."

दोघेही माझे भाऊ.
एकाचा भात एब्रोच्या मुखाशी,
दुसऱ्याचे शिणाणे त्याच मुखापुढे,
लाकडी मांडवाखाली दोरांना लगडलेले.
मी मधे, पांढऱ्या कोटात,
दोघांमधलं पाणी बाटल्यांत भरत.

शिणाणं आपल्याच लाळेचे धागे काढून
दोर धरून बसतं.
मेस्त्राल वारा तीन-तीन दिवस घोंघावला
तरी सुटत नाही; चाकू लागतो.
आज नुसता हात लावला, तर आलं,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून
खेळणं यावं तसं.

प्रयोगशाळेत नव्या आलेल्या मुलांना मी सांगते:
एक नस निरोप लिहिते, आखड.
स्नायू वाचतो, आखडतो.
लगेच एक विकर येतं, फळा पुसतं,
पुढचं काही लिहिता यावं म्हणून.
खोडकिडीवर आणलेलं औषध
फक्त त्या पुसणाऱ्याचा हात धरून ठेवतं.
बाकी काही करत नाही.
निरोप तसाच राहतो फळ्यावर,
आखड आखड आखड आखड

काचेच्या भांड्यात कोळंबी पाठीवर पडून
पाय मारत होती रात्री नऊला.
सकाळी सातलाही मारत होती.
पिंपावर किडीचं चित्र आहे, रंगीत,
पण औषधाला चित्र बघता येत नाही.

औषधच म्हणतो बाल्दिरी. वडीलही औषधच म्हणायचे.

अहवालात मी लिहिते: मर्यादेच्या आत.
खोटं नाही ते. मर्यादा एकेकाची असते,
खाडीत सहाजण येतात, हातात हात घालून,
आणि सहांची मिळून मर्यादा
कुठल्या रकान्यात लिहायची, तो रकानाच नाही.

"मी नाही फवारलं तर शेजारी फवारतो,"
बाल्दिरी म्हणतो. "किडीला बांध कळतो का?"
"पाण्यालाही नाही कळत," अर्मेंगोल म्हणतो.
हेच वाक्य तो गेल्या वर्षी म्हणाला होता,
त्याच्या आदल्या वर्षीही,
त्याच खुर्चीत बसून.

रविवारी आई भात करते.
भात बाल्दिरीचा, शिणाणे अर्मेंगोलचे,
त्यांच्याच पाण्यात तांदूळ शिजतो,
केशर चिमूटभर, तेही मोजून.
एक्याऐंशीची आहे. पूर्वी पोटरीभर पाण्यात
वाकून तण उपटायची, जळवा सोडवत.
"तेव्हा औषध नव्हतं," ती म्हणते,
"आम्ही होतो."
आणि बोटं दाखवते. ती आता सरळ होत नाहीत.
पुढे कुणी बोलत नाही.
तिचे हात परत मागायचे,
असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

कढईत जे शिणाणं उघडत नाही
ते खायचं नाही, ही आमच्याकडची रीत.
आई चमच्याने एकेक बाजूला काढते.
पूर्वी एखाददुसरं निघायचं.
आज बशी भरली.
ती बशी टेबलाच्या मधोमध ठेवते,
मिठाशेजारी, आणि जेवायला बसते.

बाल्दिरी त्यातलं एक उचलतो.
नखाने फट शोधतो.
अर्मेंगोल बघत राहतो, मग खिशातला
आपला चाकू काढून, मूठ पुढे करून,
त्याच्याकडे देतो.

उद्या सोमवार. बारा बाटल्या,
सहा मोरीपाशी, सहा मांडवाखाली.
झाकणांवर तारीख मी आजच घातलीय.